भिकूतात्यांनी सांधलेलं हेल्मेट

फुटकी वस्तू भिकूतात्यांच्या पडवीत गेली की ती टाकून देण्याचा विषय संपला, असं नाटे गावात सगळे धरून चालायचे. तात्यांचा धंदा होड्यांच्या डागडुजीचा. बापाच्या काळात लाकडी होड्यांच्या फटीत कापूस ठासायचे. फायबरच्या होड्या आल्या तेव्हा तात्या रेझिन लावायला शिकले. उग्र वासाचं, मधासारखं चिकट रसायन ते. काचेच्या धाग्यांच्या जाळीवर ओतून चिरेवर बसवलं आणि वाळलं की त्यापुढे दगड मऊ. मग तात्यांना सगळ्या दुनियेला रेझिनच लागतंय असं वाटू लागलं. घरातल्या खुर्चीचा पाय, बादलीचं बूड, मिक्सरचं झाकण, स्वतःच्या चष्म्याची काडी, काहीच सुटलं नाही. सून नम्रता हसत म्हणायची, "ह्या घरात नवी वस्तू एकदाच आली, ती म्हणजे मी."

तिचा नवरा विनोद, तात्यांचा मुलगा, मुंबईत नोकरीला. नात आरोही आठवीत. सड्याच्या पठारावरच्या कातळातून सायकल हाणत हायस्कूलला जायची, आणि वाटेतल्या उताराने नम्रताच्या जिवाला घोर लागायचा. म्हणून तिने राजापूरच्या बाजारात नितेशच्या सायकलच्या दुकानातून हेल्मेट आणलं. सगळ्यात स्वस्त मागताना ती जराशी ओशाळलीच होती. नितेश म्हणाला, "वहिनी, स्वस्त म्हणजे कच्चं नाय. आत चाचणीचा शिक्का बघायचा, डोक्यावर हलत नाय ना ते बघायचं, पट्टा घट्ट लावायचा. महागातलं हलकं असतं, वारा खेळतो, दिसतं बरं. पण एक ध्यानात ठेवा. एकदा जोरात आपटलं की टाकून द्यायचं, वरून कितीही चांगलं दिसू दे. आतला थर्माकोल एकदाच मार खातो."

नम्रताने घरी हे जसंच्या तसं सांगितलं. तात्या खो-खो हसले. "दुकानदार दुसरं काय सांगणार? उद्या होडी विकणारा सांगेल, एकदा खडकाला लागली की नवी घ्या."

पुढे पावसाळा सरता सरता उतारावर गुरं आडवी आली आणि आरोही पडली. डोकं जांभ्या दगडावर आपटलं. कोपर सोलवटलं, बाकी पोर हसत घरी आली. हेल्मेटाला मात्र कानाच्या वर बारीक चीर गेली होती. नम्रता म्हणाली, "बाबा, दुसरं आणूया. तो नितेश सांगत होता." तात्यांनी तिच्या हातातून हेल्मेट घेतलं ते सरळ पडवीत नेलं.

चिरेत रेझिन ओतलं तेव्हा आतून बारीक चरचर ऐकू आली. तात्यांनी हेल्मेट उलटं केलं. आत झिरपलेल्या रेझिनने थर्माकोल खाऊन टाकला होता आणि अंडं मावेल एवढा खळगा पडला होता. तात्यांचा हात थांबला. क्षणभर त्यांना वाटलं, नम्रताला हाक मारावी. पण चाळीस वर्षं ज्याच्या हातून काही बिघडलं नाही, त्याने सुनेला हाक मारून काय दाखवायचं? थर्माकोलात कसली आलीय ताकद, ताकद वरच्या कवचात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. खळग्यात चिंधी कोंबली, वर स्पंजचा तुकडा चिकटवला आणि बाहेरून होडीचा निळा रंग मारला. आरोही खूष झाली.

"आतून बरं आहे ना, बाबा?" नम्रताने विचारलं.

"माझ्या हातच्या होड्या समुद्रात जातात गो," तात्या म्हणाले. विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हतं, पण नम्रताने मान हलवली.

दिवाळीनंतर त्याच उतारावर खडीवरून सायकल घसरली. त्याच बाजूवर पोर पडली. तात्यांनी सांधलेलं कवच अजिबात फुटलं नाही. आतली पोर मात्र बेशुद्ध झाली. राजापूरहून रत्नागिरीला नेलं. कवटीला बारीक चीर होती. डॉक्टर म्हणाले, हाड आपोआप भरून येईल, नशीब बलवत्तर. एका बाजूचे केस कापून टाके घातलेली नात पाहिली आणि तात्या दवाखान्याच्या जिन्यात जाऊन बसले. त्यांना सगळं कळलं होतं. तिथेच उठून सांगितलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण माणूस घाबरला की आधी ओरडतो. आरोही घरी आल्यावर तात्या ते निळं हेल्मेट घेऊन राजापूरला गेले आणि भर बाजारात नितेशच्या टेबलावर आपटलं. "पोरांच्या जिवाशी खेळतोस? असला कचरा विकतोस?" माणसं जमली. वाडीतलाच संदेश तिथे होता, त्याने मोबाईल वर धरला. तात्यांचा आवाज आणखी चढला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

नितेशने हेल्मेट उलटं केलं, स्पंज उचलला, चिंधी निघाली तिथे अंगठा घातला. मग तात्यांच्या नखांकडे पाहिलं. तिथे रेझिन वर्षानुवर्षं बसलेलं. एव्हाना संदेशने मोबाईल खिशात घातला होता. नितेश पुढे वाकून हळूच म्हणाला, "तात्या, ह्याला रेझिन कोणी लावलान?"

"मला काय ठाऊक?" तात्या म्हणाले.

नितेशने हेल्मेट त्यांच्या हातात परत दिलं. "पोर बरी आहे ना?" एवढंच त्याने विचारलं. तात्या एस्टी स्टँडकडे चालू लागले. मेल्याहून मेल्यासारखं म्हणजे काय, ते त्यांना त्या रस्त्यावर कळलं.

व्हिडिओ वाडीच्या ग्रुपवर फिरला. तात्यांनी दुकानदाराला बरा झापलान, म्हणून लोक चहा पाजू लागले. तात्या कप तसाच ठेवून उठायचे. स्वस्तातली हेल्मेटं काय कामाची, म्हणत दोन-तीन घरांनी पोरांची हेल्मेटं खुंटीला टांगली. पण ह्याहून वाईट घरात चाललं होतं. विनोदने व्हिडिओ पाहिला आणि फोनवर बायकोला म्हणाला, "सगळ्यात स्वस्त कशाला घेतलंस? पोरीपेक्षा काय जास्त होतं?" फोन स्पीकरवर होता. ते तात्यांनीही ऐकलं. त्या दिवसापासून ती आरोहीचे केस विंचरायची तेव्हा टाक्यांची जागा आली की ओठ घट्ट मिटायची. एकदा जेवायला वाढताना ती आपणहून म्हणाली, "बाबा, माझंच चुकलं. नितेशनं गोड बोलून गळ्यात घातलंन आणि मी फसले." तात्यांनी भातात आमटी कालवली आणि मूग गिळून बसले. नातीला इजा झाली ती अडाणी हट्टापायी. सुनेला ते रोज गप्प राहून मारत होते ते जाणूनबुजून, आणि ह्या दोन गोष्टींतला फरक त्यांना नीट कळत होता.

हाड भरलं, डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली. विनोदने मुंबईहून गावच्या माणसाबरोबर हेल्मेट पाठवलं. त्याच्या साहेबाच्या मुलाचं, चांगल्या कंपनीचं, बिनपैशाचं मिळालेलं. नम्रताने ते ओट्यावर ठेवून पुन्हा पुन्हा पुसलं. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं. "बघा बाबा, ह्याला म्हणतात हेल्मेट. सोमवारी हे घालून जाईल."

तात्यांनी ते हातात घेतलं. एका बाजूला वाघाचं मोठं स्टिकर होतं. डागडुजी करणाऱ्याला झाकलेली जागा लगेच दिसते. त्यांनी नखाने स्टिकर उचललं. खाली खरचटलेल्या रेघा. आत त्याच जागी अंगठा दाबला. थर्माकोल चेपून सपाट झालेला. साहेबाचा मुलगा कुठेतरी चांगलाच पडला होता.

सुटका करून घ्यायला वाट होती. रात्री कुठेतरी लपवून ठेवावं, नाहीतर उंदरांनी कुरतडलं म्हणून सांगावं. हे विचार आपल्या मनात येतात ह्याचीच त्यांना शिसारी आली.

"हे घालायचं नाय," ते म्हणाले.

"का?"

"हे एकदा आपटलंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

तात्या पडवीत गेले, होडीच्या जाळ्यांमागे दडवलेलं निळं हेल्मेट काढून आणलं आणि सुनेसमोर उलटं केलं. "इथं अंगठा घाल." नम्रताने घातला. अंगठा खोल गेला. "नितेशनं विकलान तेव्हा हा खळगा नव्हता. तुझ्या हेल्मेटानं पहिल्या वेळी आरोहीला वाचवलान. मग मी रेझिन ओतलं, थर्माकोल जळला. मला तेव्हाच दिसलं होतं गो. तू विचारलंस तेव्हासुद्धा मला ठाऊक होतं."

नम्रताने अंगठा बाहेर काढला. तात्यांना वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फोन उचलला, विनोदला लावला, स्पीकर चालू केला आणि फोन सासऱ्याच्या तोंडासमोर धरला. "काय गो, आवडलं का हेल्मेट?" पलीकडून विनोद म्हणाला. नम्रताने फोन तसाच धरून ठेवला.

तात्यांनी सगळं सांगितलं. ते ऐकून विनोदने फक्त बायकोला फोनवर बोलावलं.

दुसऱ्या दिवशी तात्या आणि नम्रता राजापूरला गेली. तात्या संदेशला सोबत घेऊन गेले आणि म्हणाले, "त्या दिवशी काढलास तसाच व्हिडिओ काढ." भर बाजारात, तेवढ्याच मोठ्या आवाजात, त्यांनी झालं ते सगळं सांगितलं. नितेशने मान खाली घातली होती. लाज जणू त्यालाच वाटत होती. नम्रताने तेच स्वस्तातलं हेल्मेट पुन्हा घेतलं, आतला शिक्का स्वतः तपासून.

पहिला व्हिडिओ सगळ्या तालुक्यात फिरला होता. हा कोणी पुढे पाठवला नाही. तात्यांना उगाच खाली बघायला कशाला लावायचं, असं लोकांना वाटलं. दोन दिवस तात्यांनी वाट पाहिली. मग फुटकं हेल्मेट पिशवीत घातलं आणि ज्या घरांत हेल्मेटं खुंटीला गेली होती त्यांतल्या पहिल्या घरापुढच्या खळ्यात, अंगणात जाऊन उभे राहिले. "या तात्या, चहा ठेवते," आतून आवाज आला.

"चहा नको," तात्या म्हणाले. "आधी इथं अंगठा घाला."