सोनाजी पाटलांचा रोही

शेठजींनी चिठ्ठी माझ्यापुढे टाकली आणि विचारलं, ‘‘हे काय होय?’’

अकोल्याजवळच्या सोनाजी पाटलांनी आमच्या सौद्याला उत्तर म्हणून कविता धाडली होती.

ओसाड नगरी, रोही एकला फिरे
सात दरवाजे, कोणी ना विचारे
राजाच्या ओसरी घडीभर टेके
जांभई देऊन पुढे सरके

खाली एकच ओळ होती: ज्याला हे कळेल, त्याला कापूस.

मी तेव्हा अमरावतीत कापसाचा दलाल होतो. विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ घालून द्यायची, हे माझं काम. शेठजी माझे सगळ्यात मोठे घेणारे. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद होता आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडाची आठवण झाली होती. बाजार नुसता झिंगला होता. आमचा न्हावीसुद्धा दाढी करता करता लिव्हरपूलचा भाव सांगे. पाटलांचा कापूस लांब धाग्याचा, आणि त्या गिरण्यांसाठी खरेदी करणाऱ्या साहेब एजंटला तोच हवा होता. शेठजींनी स्पष्ट सांगितलं की आठ दिवसांत कापूस आला नाही तर केशव दलाल आहेच. केशव कधीचा टपून होता. शेठजी हातचे गेले असते, तर माझा धंदा बसलाच असता.

आता आमच्या धंद्याची एक रीत सांगतो. सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव सांगायचा, आणि वर तोंडाने पावसापाण्याच्या गप्पा. त्यामुळे उघड बोललेलं खरं नसतं, अशी आम्हा दलालांची खात्रीच झाली होती. कविताही आम्ही तशीच वाचली.

पाटलांची चिठ्ठी आणखी दोन-तीन दुकानांत गेली होती. संध्याकाळपर्यंत बाजारभर अर्थ फुटले. रोही म्हणजे रानातली नीलगाय नव्हे, साहेब एजंट. ओसाड नगरी म्हणजे बंद पडलेल्या गिरण्या. जांभई म्हणजे लढाई थांबणार, असं ठरवून एकाने सगळा माल विकला. जांभई म्हणजे लढाई कंटाळा येईतो लांबणार, असं ठरवून दुसऱ्याने तोच माल घेतला. दोघेही खुशीत घरी गेले.

मी त्यातले बरे पाच अर्थ निवडले आणि दमणीला बैल जुंपून अकोल्याची वाट धरली. पोहोचलो तर केशव आधीच पाटलांच्या अंगणात तोंड पाडून बसलेला. त्याचा अर्थ नापास झाला होता. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू?

मी एकेक अर्थ मांडला. पाटील पान चघळत दर वेळी मान हलवत. पाचवाही गेला. दोन दिवसांच्या प्रवासाने अंग आंबलं होतं, पोटात भूक होती. तोंडातून सहज निघालं, ‘‘पण पाटील, त्या ओसाड गावात तो रोही खाते काय?’’

पाटील चघळायचे थांबले.

‘‘गवत,’’ ते म्हणाले. ‘‘राजाच्या ओसरीत ढोपरभर गवत हाये, म्या पाह्यलं. त्याले राजा मालूम नाई, वाडा मालूम नाई. त्याले वाटते हे रानच होय.’’

मला एकदम हसू फुटलं. ती नगरी उभारताना लोकांनी केवढी धावाधाव केली असेल, आमच्यासारखीच, आणि हा तिथे बसून जांभई देतो. पाटीलही हसायला लागले. मग केशवही हसला, आणि तिघांना काही केल्या आवरेना.

‘‘तीन दिवस लोक येऊन राहिले,’’ पाटील डोळे पुसत म्हणाले, ‘‘पन रोह्याची इचारपूस कोनीच नाई केली.’’

सवयीने मी रुमाल पसरला. पाटलांनी तो बाजूला सारला आणि भाव चारचौघांत मोठ्याने सांगितला. मी लाजून लाल झालो. पण कापूस मला मिळाला.

शेठजी खूश झाले, तरी त्यांना चैन पडेना. अर्थ काय निघाला ते सांग, म्हणून मागेच लागले. रोही गवत खातो, मी म्हणालो.

शेठजींचे डोळे बारीक झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आसपासच्या गावांतल्या गवताच्या सगळ्या गंजी विकत घेतल्या. त्या साली ज्वारी सोडून जो तो कापूसच पेरून बसला होता, त्यामुळे कडबा नव्हता. उन्हाळ्यात बैलांना चारा मिळेना आणि शेठजींनी गवतावर कापसाहून जास्त कमावलं.

पुढे ते भेटेल त्याला सांगत, की कवितेचा खरा अर्थ काढावा तर आमच्या दलालानेच. मी कधी नाही म्हटलं नाही.