वाघाचं डोकं

मी दर्यापूरची. अमरावतीत हॉस्टेलला राहून पर्यटनाचा डिप्लोमा करत होते. पहिलं वर्ष संपलं की उन्हाळ्यात एखाद्या पार्कमध्ये राहून काम करायचं, त्याचं सर्टिफिकेट आणायचं, तरच पुढचा प्रवेश पक्का. कॉलेजात याला स्टुडंट प्रोग्राम म्हणत. आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "माणसं हाताळायला शिकाल." माणसांच्या अंगावरून उतरलेलं सगळं हाताळावं लागेल, हे त्या बोलल्या नव्हत्या.

मला मिळालं ते वॉटर पार्क अमरावती-अकोला रस्त्यावर, उन्हात भेगाळलेल्या वावरांच्या मधोमध. गेटवर प्लास्टिकची नारळाची झाडं, आत घसरगुंड्या, लाटांचा तलाव, आणि मेळघाट जवळ म्हणून पार्कचा लाडका प्राणी वाघ. मला वाटलं होतं, मला स्वागताला उभं करतील. मला दिलं कॉस्च्युम काउंटर.

पाण्यात उतरायला नायलॉनचे कपडे भाड्याने मिळतात, ते हे काउंटर. लोक ओले कपडे परत आणून फेकत, ते एका निळ्या ड्रममध्ये साबणाच्या पाण्यात पडत. मी ते दांड्याने ढवळायचे. पाणी सकाळी निळसर असायचं आणि दुपारी उसाच्या मळीसारखं. कपड्यांना केस चिकटलेले असत, जखमेच्या पट्ट्या, चघळून टाकलेलं च्युइंगम, एकदा तर खिशात अर्ध्या खाल्लेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी. मग ते एकदा खळबळून, मशीनमध्ये पिळून, तसेच दमट आणि कोमट पुढच्या गिऱ्हाइकाच्या हातात. "ताई, हे ओलं लागून राहिलं," बायका म्हणत. "आत्ताच धुतलं," मी म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं, तरी मला माझ्या तोंडाची किळस यायची.

राहायची खोली तलावाच्या पंपामागे, टिनाची. चार पलंग, एक कूलर, एक बाथरूम आणि स्टुडंट प्रोग्रामच्या आम्ही चौघी. अकोल्याची मुलगी तिकिटाच्या खिडकीवर बसायची, म्हणून लिपस्टिक, परफ्यूम, सगळं नीट. पण डोक्यावरून आंघोळ झाली की गळलेल्या केसांचे गुंते बाथरूमच्या भिंतीला चिकटवून ठेवायची. "नंतर काढते," म्हणायची. ते नंतर कधी आलंच नाही. हिवरखेडची मुलगी समोशाच्या कढईवर होती. त्या कढईतलं तेल बदललेलं मी कधी पाहिलं नाही. तिच्या ओढणीपासून उशीपर्यंत सगळ्याला तो वास. उरलेले समोसे डब्यात भरून पलंगाखाली ठेवायची आणि विसरायची. एकदा मुंग्यांची रांग बघत गेलो तर डब्यात हिरवी लव आलेली.

पण चौथीपुढे हे काहीच नव्हतं. ती अंजनगावची, बारीक चणीची, कमी बोलणारी. ती वाघ होती.

वाघाचं अंग कापडाचं, ते कधीतरी धुतलं जायचं. डोकं मात्र भलंमोठं, फायबरचं, बाहेरून केसाळ, आतून फोम. मे महिन्याच्या उन्हात ते घालून ती पोरांशी हात मिळवायची, नाचायची. संध्याकाळी ते डोकं खोलीत आणून कूलरसमोर वाळायला ठेवायची. मग कूलर तो वास चारी पलंगांवर सारखा वाटून द्यायचा. घाम, आंबलेलं दूध, ओलं कुत्रं आणि वरून मॅनेजर सर मारायचे तो मोगऱ्याचा स्प्रे. मोगऱ्यामुळे ते जास्तच असह्य व्हायचं.

"हे बाहेर ठेव ना वं," मी एकदा म्हणाले.

"बाहेर उंदरं कुरतडतात. मंग सर मलेच बोलतात."

"अन् आमी काय करावं? नाक कापून ठेवावं?" अकोल्याची बोलली.

तिने वाघाचं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याने काय होणार होतं? दुसऱ्या दिवशी आम्ही तिघींनी तिचा पलंग ओढून दाराशी नेला. तिच्या मानेवर, कानामागे लाल चट्टे उठले होते; त्यावर ती पावडर थापायची आणि घामाने त्याचा लगदा व्हायचा. जेवताना मी तिच्याकडे पाठ करून बसायचे.

एका रविवारी पार्कमध्ये कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस होता. केक मांडलेला, पोरं ओरडत होती, "वाघोबा! वाघोबा!" मी टॉवेलांचा गठ्ठा घेऊन तिकडे चालले होते. वाघ नाचता नाचता थांबला, गुडघ्यावर बसला, आणि मग स्टेजमागे रांगत गेला. मी धावले. तिने डोकं काढलं तेव्हा तिला आतच उलटी झाली होती. केसांत, कानांत, फोममध्ये, सगळीकडे.

सर आले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "टॉवेलने पुसून घ्या. केक थांबलाय." तिच्याकडे बघून, "हिला खोलीत न्या." मग माझ्याकडे बघून, "तू उंचीला बरोबर आहेस. घाल."

"सर, हे? आत्ता?"

"पाच मिनिटांचं काम आहे. सर्टिफिकेट पाहिजे ना?"

मी पुसलं. वरवर पुसलं गेलं, बाकीचं फोमने पिऊन घेतलं होतं. सरांनी मोगरा मारला आणि मी ते डोक्यात घातलं.

आत गाल टेकला तिथे ते कोमट होतं. वाघाच्या तोंडाच्या जाळीतून फक्त पोरांचे गुडघे आणि केकचा कोपरा दिसत होता. मी तोंडाने श्वास घेतला तर चव लागायला लागली, म्हणून नाकाने घेतला. एका पोराने पोटात बुक्की मारली. दुसरं येऊन कमरेला बिलगलं, तेवढ्यात त्याच्या आईने त्याला ओढलं. "माय वं, काय घाणेरडा वास मारून राहिला हा! दूर हो, दूर. फोटो लांबूनच काढजो." वाघाने बोलायचं नाही असा नियम होता. मी पंजा हलवत राहिले.

नंतर मी तोंड किती वेळा धुतलं कोण जाणे. खोलीत आले तर ती पडून होती, मीठ-साखरेचं पाणी पीत. माझ्याकडे बघून म्हणाली, "लय झालं का तुले? मले आता वासच येत नाई. नाक मेलं माह्यं." तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून सांगितलं. मला पुन्हा किळस आली, पण या वेळी तिची नव्हे, माझीच. संध्याकाळी मी तिचा पलंग ओढून परत जागेवर आणला.

सोमवारी पार्क बंद असायचं. दुपारी हिवरखेडची कढईवरचा सुरा घेऊन आली. "चला, हे डोकं खोलू," म्हणाली. पंपामागच्या नळाखाली आम्ही ते उलटं ठेवलं आणि अस्तर फाडलं. फोम काळा पडला होता, काही ठिकाणी हिरवा. बोट लावलं की ओल्या भाकरीसारखा तुटायचा. त्यात लांब केस, आखूड केस, मेंदीने लाल झालेले केस, एक टिकली आणि तळाशी झुरळांची अंडी. आमच्याआधी किती जणींनी ते घातलं असेल! अकोल्याची नुसती बघायला आली होती. ती नालीवर जाऊन ओकली, परत आली, नाकाला ओढणी बांधली आणि हाताने फोम उपसायला लागली.

एवढ्यात सर आले. "कोणी सांगितलं तुम्हाला? उद्या दोन वाढदिवस आहेत!"

हिवरखेडच्या मुलीने फोमचा गोळा सुऱ्याच्या टोकावर उचलून त्यांच्यापुढे धरला. "नाराज नका होऊ, सर. वापस भरून देतो आमी. फक्त एक डाव तुमी घालून दाखवा."

सर दोन पावलं मागे सरले. "मी मॅनेजर आहे. मी कशाला घालू?"

"अंजनगाववाली घालतेच ना."

"सर्टिफिकेट विसरा मग!"

अकोल्याची शांतपणे म्हणाली, "सर, मी फोटो काढलेत. तिकिटाच्या खिडकीवर लोक रोज विचारतात, वाघ कुठाय म्हणून. दाखवत जाऊ का?"

सर आधी तिच्या मोबाइलकडे बघत राहिले, मग त्या गोळ्याकडे. आणि निघून गेले.

त्या उन्हाळ्यात वाघ पुन्हा नाचला नाही. गेटवर एक प्लायवूडचा वाघ उभा केला, तोंडाच्या जागी भोक असलेला. लोक स्वतःचीच तोंडं घालून फोटो काढत. अंजनगावच्या मुलीला लॉकरच्या किल्ल्या दिल्या. तिचे चट्टे जायला पावसाळा उलटला. माझा ड्रम तसाच होता, कपडे तसेच, मी फक्त रबरी हातमोजे आणले. भिंतीवरचे केसही तसेच राहिले; एवढं सगळं होऊन अकोल्याची काही सुधारली नाही. सर्टिफिकेट चौघींना मिळालं, त्यावर वर्तणूक "बरी" असा शेरा.

पुढच्या वर्षी मॅडमनी मला नव्या मुलींपुढे अनुभव सांगायला उभं केलं आणि आधीच बजावलं, "चांगलं तेवढंच सांग हं." मी सगळं सांगितलं. दोघींनी नावं काढून घेतली, बाकीच्या त्याच पार्कमध्ये कामाला गेल्या. काही दिवसांनी त्यातल्या एकीचा फोन आला: पार्कने नवा प्राणी आणलाय, डॉल्फिन, आणि तिला तो व्हायला सांगितलंय. मी म्हणाले, "आधी अस्तर काढून आत पाहा. नाही पाहू दिलं तर घालू नको." थोड्या वेळाने तिचा पुन्हा फोन आला. आतून नवीन आहे, म्हणाली, सध्या तरी.