घरमालकाशी सोयरीक

आमच्या तळमजल्यावरच्या मामाजींइतका लग्नांत रमलेला माणूस उभ्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि स्वतः मात्र ते जन्मभर बिनलग्नाचे राहिले. तरुणपणी राइस मिलमध्ये नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात लोकांच्या सोयरिकी जुळवायच्या, असा त्यांचा क्रम. त्यातली नोकरी कुठली आणि छंद कुठला, हे मिलच्या शेठलाही शेवटपर्यंत कळलं नाही म्हणे. सालेकशाकडची मुलगी कामठ्याकडे द्यायची आणि मग दोन्हीकडचे रुसवेफुगवे स्वतःच्या सायकलवरून वाहायचे. आता पोरंपोरी मोबाइलवर परस्पर जमवू लागली आणि मामाजींचा धंदा बसला, पण खोड काही गेली नाही. कुठलीही दोन माणसं समोरासमोर उभी दिसली की त्यांना एक वरपक्ष दिसतो आणि एक वधूपक्ष. गल्लीत भाजीवाल्याशी घासाघीस सुरू झाली की हे मध्ये जाऊन बसतात, "पहिले पानी प्या" म्हणतात आणि भाजीवाल्याच्या गावाची, मामेकुळाची चौकशी करतात. तोवर कोथिंबीर सुकून जाते. एकदा माझं आणि बायकोचं चांगलंच वाजलं, तेव्हा जिना चढून वर आले आणि मला म्हणाले, "बाबू, पोरीकडचं म्हननं काय आहे थे आयकून तं घे!" पोरीकडचं म्हणणं मी लग्नापासून ऐकतोच आहे, घरात दुसरं काही ऐकायला मिळतच नाही, हे त्यांना कोण सांगणार!

आमची वसाहत म्हणजे एका धर्मादाय संस्थेने बेताच्या मिळकतीच्या लोकांसाठी बांधलेल्या दुमजली, भाड्याच्या खोल्या. भिंती जाड, शेजार चांगला. उणीव एकच, पाणी वर चढत नव्हतं. छतावर टाकी होती, वरच्या मजल्यावर घरोघरी नळ होते, म्हणजे पाण्याशिवाय पाण्याची सगळी व्यवस्था होती. खरं पाणी यायचं ते खालच्या एकाच नळाला, आणि तो होता मामाजींच्या दारासमोर. रोज सकाळी आम्ही वरची मंडळी हंडे-बादल्या घेऊन तिथे जमायचो. मामाजी ओट्यावर बसून नंबर लावायचे, कोणाचा ताप उतरला, कोणाचा पोरगा पास झाला, ते विचारायचे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि माझी काही तक्रार नव्हती, कारण पाणी बायको भरत होती. मग तिची कंबर धरली, डॉक्टरांनी ओझं उचलायला सक्त मनाई केली आणि हंडा माझ्या हातात आला. पहिल्याच आठवड्यात मला समाजावरच्या अन्यायाची जाणीव झाली. माझ्याइतक्या वेगाने समाजसेवेकडे वळलेला माणूस विरळाच असेल.

त्याच सुमारास संस्थेने सुचवलं की भाडेकरूंनी एक समिती करावी, आपण मिळून वसाहतीतल्या सोयी सुधारू. अध्यक्ष म्हणून माझी निवड एकमताने झाली. मी एका शाळेच्या कार्यालयात कारकून आहे, त्यामुळे माझ्या खिशाला नेहमी पेन असतो, आणि आमच्याकडे नेतृत्वाला तेवढं पुरतं. मी ताबडतोब संस्थेवर मोर्चा न्यायचं ठरवलं. घोषणा तयार केल्या, आरशासमोर भाषणाची तालीम केली. त्यात 'धगधगता असंतोष' हे शब्द चार ठिकाणी होते. मामाजींनी भाषण शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोयऱ्याच्या दारात कोनी घोषना देते का गा? घरमालक म्हंजे आपला सोयरा. आपन त्याच्या घरात राहून रायलो, थो आपल्या भरोशावर. त्याले जेवाले बलाव." माझा असंतोष धगधगायच्या आतच विझला.

मग संस्थेच्या व्यवस्थापक साहेबांना बैठकीला बोलावलं. साहेब नवीनच बदलून आलेले, स्वभावाने गरीब, पण घाईतले. "हां, क्या प्रॉब्लम है?" असं म्हणतच ते सतरंजीवर बसले आणि मामाजींनी कपाळाला हात लावला. सोयरिकीच्या बैठकीत पहिल्या चहाला मुद्द्याचं बोलायचं नसतं. पहिल्या चहाला गाव, शेतीभाती, नातीगोती. दुसऱ्या चहाला पाऊसपाणी. सुपारी फिरली की मग हळूच विषय काढायचा. साहेबांची मावशी आमगावकडे दिली आहे, हे मामाजींनी पहिल्याच कपात शोधून काढलं आणि दुसऱ्या कपापर्यंत त्या मावशीची सोयरीक आपल्याच ओळखीच्या माणसाने जुळवल्याचं सिद्ध केलं. पाणी वर चढवायचा विषय निघाला तेव्हा साहेब इतके घरचे झाले होते की रविवारी येऊन सगळी इमारत पाहतो, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. मामाजींचे डोळे चमकले. पाहायला येणं म्हणजे त्यांच्या हिशेबाने अर्धं लग्न.

रविवारचं जेवण माझ्याकडे, वरच्या मजल्यावर ठरलं. आदल्या दिवशी मामाजींनी एकच प्रश्न विचारला, "पाहुने हात कोठी धुतीन?" प्रश्न रास्त होता. सोयऱ्याला जेवायला बोलवायचं आणि हात धुवायला नळाला पाणी नाही, म्हणजे वसाहतीचं नाकच कापलं जायचं. अशा वेळी अध्यक्षाने पुढाकार घ्यायचा असतो. मी सगळ्या वसाहतीला कामाला लावलं. खालच्या नळापासून छतापर्यंत जिन्यावर माणसं उभी केली आणि हातोहात बादल्या चढवून टाकी काठोकाठ भरून घेतली. मी स्वतः मधल्या पायरीवर उभा राहून "शाब्बास!" म्हणत होतो. इतकी एकजूट आमच्या वसाहतीत ना आधी झाली होती, ना नंतर. जिन्याच्या पोपडे आलेल्या भिंतीलाही आम्ही चुना मारला.

साहेब आले. कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, वांग्याची भाजी, भात असं पोटभर जेवले, हात धुवायला उठले आणि त्यांनी नळ सोडला. पाणी असं धो-धो आलं की त्यांची बाही भिजली. "अरे, पानी तो बढ़िया आ रहा है!" साहेब म्हणाले. "फिर शिकायत किस बात की?" माझ्या तोंडात वडी होती. ती गिळून मी खुलासा करणार, एवढ्यात मामाजी छाती फुगवून बोलून गेले, "पाहुन्यासाठी काई कमी नाई, साहेब, आपल्याकडे!" बोलल्यावर त्यांच्याही लक्षात आलं, पण पाहुण्याच्या तोंडावर घरचं दारिद्र्य कसं सांगायचं? साहेब खूश होऊन, आमची वसाहत सगळ्यांत आदर्श आहे असं म्हणत निघून गेले. बायकोने हंडा आणून माझ्यासमोर ठेवला. "अध्यक्षसाहेब," ती म्हणाली, "उतरा खाली. टाकी रिकामी झाली."

मामाजींनी ते फार मनाला लावून घेतलं. "पोरीचा दोष झाकून लगन लावलो बाबू," ते म्हणाले. "जिंदगीत मी असं केलो नोहतो." दुसऱ्या दिवशी सकाळीच स्वच्छ धोतर नेसून ते मला ओढत साहेबांच्या कार्यालयात घेऊन गेले. तिथे चार माणसं बसलेली असताना त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "माफ करा साहेब, पोरीत दोष आहे. आमी झाकलो." साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "मेरी शादी हो चुकी है!" एवढंच ते कसंबसं म्हणाले. माझ्या अध्यक्षीय कारकिर्दीतलं एकमेव उपयोगी काम मी त्या वेळी केलं: बायकोच्या कमरेपासून ते टाकी कशी भरली होती इथपर्यंत सगळं सांगितलं. साहेब आधी रागावले, मग हसायला लागले, आणि उद्या पाण्याच्या वेळेला येतो म्हणाले.

आले तेव्हा मामाजींनी त्यांना चहा विचारला नाही. हातात बादली दिली. "आता तुमी घरचे झाले," ते म्हणाले. "घरच्या मानसाले बसवून ठेवत नाई." साहेब बादली घेऊन जिना चढू लागले. मधल्या वळणावर कठडा धरून थांबले, आणि मी माझा हंडा घेऊन त्यांच्या पुढे गेलो. कुठल्याही अधिकाऱ्याच्या पुढे जाण्याचा माझ्या आयुष्यातला तो एकमेव प्रसंग, त्यामुळे मी तो जरा रेंगाळत साजरा केला. वर पोचल्यावर साहेबांनी माझ्या बायकोकडे पाहून विचारलं, "भाभी, आप रोज़ ये करती थीं?" तिने त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. त्यानंतर मात्र काम भराभर हललं. पंप आणि पाइप संस्थेने द्यायचे, खोदकाम भाडेकरूंनी करायचं, असं ठरलं. मीही कुदळ मारली आणि पहिल्याच घावाला सांडपाण्याचा पाइप फोडला, तेव्हापासून मला फक्त देखरेखीचं काम देण्यात आलं. प्लंबर रुसायचा, खालची मंडळी धुळीवरून भांडायची, आणि मामाजी दोघांच्या मध्ये ओट्यावर बसून सगळ्यांना पाणी पाजायचे.

पाणी वर आलं त्या दिवशी नारळ फुटला. हार माझ्या गळ्यात पडला, आणि मी तो निर्लज्जपणे घालून हिंडलो. बायको कितीतरी वेळ नळ उगाच सोडत आणि बंद करत होती. तिला तसं हसताना पाहून मला भरून आलं.

मग कधीतरी एका सकाळी मी गॅलरीतून सहज खाली पाहिलं. पाण्याची वेळ होती. मामाजी नेहमीसारखे ओट्यावर बसले होते आणि नळासमोर कोणीच नव्हतं. आम्ही सगळे वर आपापल्या नळाशी सुखात होतो. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात इतक्या उशिरा आली, याची मला लाज वाटली. मी रिकाम्या हाताने खाली उतरलो.

मला पाहताच मामाजी धसकून उठले. "काऊन आला गा? पानी नाई आलं का वर?"

"आलं ना. चांगलं येऊन राहिलंय."

"मंग पंप?"

"पंपही ठीक आहे, मामाजी. मी असाच आलो." आणि मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "पाणी वर गेलं की इथे कोणी येणार नाही, हे तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"लगन लागल्यावर मध्यस्थाले कोन पुसते, बाबू?" ते म्हणाले. "पुसू बी नये. कोनी पुसाले आला का समजाचं, काईतरी बिनसलं."

"काही बिनसलं नाही. बसायला आलो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, खात्री करून घेतली आणि ओट्यावर सरकून जागा दिली. मी बसलो. तेवढ्यात वर माझ्या बायकोने नळ सोडला, आणि दिल्या घरी मुलगी सुखात आहे अशी खबर ऐकावी, तसे मामाजी मान किंचित वर करून ते पाणी ऐकत राहिले.