पालथ्या माणसाची उजवी बाजू

वत्सला सिस्टरांच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला तेव्हा मी ऑपरेशन थिएटरबाहेर हात धूत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती अकोल्याहून बोलली. त्याला आता पाच आठवडे झाले. वत्सला सिस्टरांबद्दल लिहायला बसलं की मात्र एकच सकाळ समोर येते...

चांदूर रेल्वेहून मी अमरावतीला राजापेठेतल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून लागले, तेव्हा थिएटर त्या सांभाळायच्या. मूळच्या भातकुलीच्या. सुपाइन, प्रोन, लॅटरल, म्हणजे उताणं, पालथं, कुशीवर, हे शब्द मला पाठ होते. पण उताण्या माणसाला पालथं करताना मान कशी धरायची, छातीखाली उशी कुठं सरकवायची, हे त्यांनी हात धरून शिकवलं. "उजवं-डावं पेशंटचं धरायचं पोरी, आपलं नाही. तो उताणा असला का त्याचं उजवं आपल्या डाव्या हाताले येते, पालथा केला का फिरते. इथंच माणूस चुकते."

त्या सकाळी मुतखड्याचा पेशंट होता. भूल देण्याआधी सिस्टरांनी त्याला दुखरी बाजू विचारून पोटावर पेनानं खूण केली होती. पाठीतून ऑपरेशन, म्हणून त्याला पालथा केला आणि खूण खाली गेली. डॉक्टरांनी भिंतीवरचा एक्स-रे फोटो पाहिला आणि डावी बाजू जंतुनाशकानं पुसायला घेतली.

"सर, उजवी आहे," सिस्टर म्हणाल्या.

"फोटोत डाव्या किडनीत दिसतोय खडा."

"फोटो उलटा लागला आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही वाचला होता ना केसपेपर?"

वाचला होता. 'उजवा' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण नोकरीला महिनाही झाला नव्हता. "लक्षात नाही, सर," मी म्हटलं आणि खाली पाहिलं. डॉक्टरांनी चाकूसाठी हात पुढं केला. सिस्टरांनी हत्यारांचा ट्रे मागं ओढला. "खूण पाहिल्याशिवाय मी देत नाही." शेवटी भूलतज्ज्ञांनी पेशंटला कमरेतून थोडं उचललं, सिस्टर वाकल्या... निळी खूण उजवीकडेच होती.

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवसांनी सिस्टरांची बदली बायकांच्या वॉर्डात झाली, ट्रे ओढला म्हणून. त्यांची जागा मला मिळाली.

हे ओझं मी कितीतरी वर्षं वाहिलं. गेल्या दिवाळीनंतर सुजाताकडे अकोल्याला गेले, तेव्हा सिस्टरांची एक बाजू लुळी पडली होती. सुजातानं आणि मी त्यांना कुशीवर वळवलं. सुजाता चहा ठेवायला गेली आणि मी बोलून टाकलं. "ताई, मी त्या दिवशी खोटं बोलले. केसपेपर वाचला होता मी."

"माहीत हाय मले. तू खाली पाह्यलं, तवाच समजलं."

"मग तुम्ही काहीच कसं म्हटलं नाही?"

"राग आलता... लई आलता. पण तुले इचारलं कसं त्यानं? धमकावून. असं इचारल्यावर नवी पोरगी कायले खरं सांगीन?"

परतताना अमरावतीपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते.

आता पेशंट पालथा केला की चीर देण्याआधी मी सगळ्यात नव्या मुलीजवळ जाऊन हळू विचारते, "काही दिसतंय का तुला?" बहुतेक जणी नाही म्हणतात. परवा एकीनं आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, पेशंटचा डावा हात अंगाखाली दबलाय."

खरंच दबला होता.