मॅगझिन ज्याची त्यानेच भरायची

आमची पिस्तूल टीम इंटर-युनिट स्पर्धेसाठी मुलुंडकडच्या एका रेंजवर आली, तेव्हा मी नाईक होतो आणि दीपक परब लान्सनाईक. टीममध्ये मुंबईचे आम्ही दोघेच. मी कांजूरमार्गचा, तो विक्रोळीचा. इतकी वर्षं थंडीवाऱ्यात काढल्यावर पहिल्यांदाच ड्यूटी घराजवळ आली होती, पण कॅम्प सोडायची परवानगी नव्हती. तंबू डोंगराच्या पायथ्याशी लावले होते. संध्याकाळी वारा फिरला की कांजूरच्या डम्पिंगच्या कचऱ्याचा वास यायचा. बाकीचे नाक दाबायचे. परब म्हणायचा, "आला बघ घरचा वास."

लोकांना वाटतं, पिस्तुलाची स्पर्धा म्हणजे नेम. नेम पुढची गोष्ट. आधी मॅगझिन. मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत सरकवायची ती लोखंडी डबी, जिच्यात गोळ्या भरतात. आत स्प्रिंग असते. पहिल्या गोळ्या सहज जातात, शेवटच्या अंगठ्याने रेटाव्या लागतात. नियम सरळ आहे. गोळ्या फायरिंग पॉइंटवर मिळतात. टार्गेटकडे तोंड करून उभं राहायचं, कमांड ऐकायची आणि मग स्वतःच्या हाताने भरायची. तोपर्यंत कॅम्पातली प्रत्येक मॅगझिन रिकामी. कारण तंबूत दिवसभर ड्राय प्रॅक्टिस चालते. पिस्तूल तेच, मॅगझिनही तीच, फक्त गोळी नाही. माणूस एकाच दिवशी शंभरदा ट्रिगर दाबतो आणि शंभरदा नुसता खट्‌ आवाज येतो.

हा नियम सगळ्यांना होता, टीम कॅप्टन सोडून. आमचे टीम कॅप्टन मेजरसाहेब. स्वतः चांगले नेमबाज. पण स्पर्धेच्या दिवशी अंगठा ताजा राहावा म्हणून मॅगझिन्स ते दुसऱ्याकडून भरून घ्यायचे, आणि तेही आधीच. त्यासाठी आदल्या प्रॅक्टिसच्या गोळ्या बाजूला ठेवायला लावायचे. हे काही त्यांनी शोधून काढलेलं नव्हतं. त्यांनी आपल्या साहेबांना तसंच करताना पाहिलं होतं. फौजेत एखादी वाईट सवय वरून खाली आली की तिला रिवाज म्हणतात.

स्पर्धेच्या सकाळी चहा झाला आणि साहेबांनी परबला हाक मारली. मी शेजारीच उभा होतो.

"परब, मेरी मॅगझिनें भर के पाउच में रख दे।"

"सर, कमांड के बाद भर दूँगा। फायरिंग पॉइंट पे।"

"उस वक्त तू अपनी भरेगा कि मेरी? अभी भर।"

"सर।"

परबने भरल्या. पाउचमध्ये ठेवल्या, बटण लावलं, पाउच साहेबांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "सर, भरी हुई हैं।" मी हे माझ्या कानांनी ऐकलं. साहेबांनी मान हलवली. त्या वेळी ते कुणाशी तरी वाऱ्याबद्दल बोलत होते.

आम्ही दोघं बाहेर आलो. तंबूच्या मागे पेट्या रचल्या होत्या, तिथे सावली होती. परब पेटीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. त्या दिवशी त्याची आई येणार होती. परब टीममधला सगळ्यात पक्का नेमबाज. तिला फायनल बघता यावी म्हणून सुभेदारसाहेबांच्या हातापाया पडून त्याने परवानगी काढली होती. बाप गिरणी बंद पडल्यावर खचून गेला तो गेलाच. आईने घरोघरी पोळ्या लाटून ह्याला वाढवला.

"आईला सांगितलंय, कानात कापूस घालून ये," परब म्हणाला. "नाहीतर पहिल्या फायरला ओरडेल आणि माझी वाट लागेल."

"आणि जेवण?"

"तू जेवणाचंच बघ रे. सुरमई आणतेय. तुझ्या नावाने दोन तुकडे जास्त."

आत साहेबांनी ड्राय प्रॅक्टिस सुरू केली होती. तंबूच्या कापडावर कागद टाचला होता, त्याच्यावर नेम. त्यांनी पाउचमधून मॅगझिन काढली, लावली, स्लाइड ओढली. भरलेली मॅगझिन रिकामीपेक्षा जड लागते. ज्याने स्वतः गोळ्या रेटलेल्या असतात, त्याच्या हाताला ते लगेच कळतं. साहेबांच्या हाताला ते कळायचं काही कारणच नव्हतं.

एकच आवाज झाला. कापडाला भोक पडलं. परब पुढे वाकला, मला वाटलं नाडीसाठीच वाकला. मग तो माझ्या पायावर पडला.

मी जखमेवर हात दाबून धरला. सुभेदारसाहेबांनी वायरलेस सेट उचलला.

"कॅज्युअल्टी एक। अँब्युलन्स भेजो। ओव्हर।"

"गोली किसकी? ओव्हर।"

सुभेदारसाहेबांनी कापडावरच्या भोकाकडे पाहिलं. "अपनी। आउट।"

अँब्युलन्समध्ये मी होतो. हायवेवर ऑफिसची गर्दी होती. सायरन चालू होता आणि पुढचा टेम्पो हलत नव्हता. परब शुद्धीवर होता. "आईला परत पाठव," एवढंच बोलला. हॉस्पिटल यायच्या आधीच तो गेला. तिला परत पाठवणं मला जमलं नाही. मी कॅम्पवर पोचलो तेव्हा ती गेटवर डबा घेऊन उभी होती. कानात कापूस होता, म्हणून मला दोनदा सांगावं लागलं. आयुष्यात माझ्यावर ह्याहून वाईट वेळ आली नाही.

चौकशी झाली. मी जे ऐकलं ते सांगितलं. अध्यक्ष होते त्या साहेबांनी विचारलं, "हुकूम तुमने सुना?"

"हाँ सर।"

"तुम्हारे अलावा किसने सुना?"

"परब ने, सर।"

त्यांनी पुढचा साक्षीदार बोलावला.

निष्कर्ष असा निघाला की दिवंगत जवानाने फायरिंग पॉइंटच्या बाहेर, नियम मोडून मॅगझिन भरली. ह्यात खोटा शब्द एकही नाही, हेच मला आजपर्यंत सलतं. भरली त्यानेच. मेजरसाहेबांना समज मिळाली. पुढे रँकही मिळाली. मला दुसरीकडे पोस्टिंग मिळालं.

मी सुट्टीवर आलो तेव्हा विक्रोळीत त्यांच्या चाळीच्या तोंडाशी फ्लेक्स होता. 'वीर जवान अमर रहे.' परबचा फोटो लहान, स्थानिक पुढाऱ्याचा मोठा. चौकाला नाव द्यायचंही ठरलं होतं. माझ्यासमोरच त्या पुढाऱ्याची पोरं शिडी लावून फ्लेक्स उतरवायला लागली.

"का काढताय?" मी विचारलं.

"अरे दादा, आम्हाला वाटलं बॉर्डरवर झालं. आता कळलं, स्वतःच्याच चुकीने गेला ना. शहीद कसं बोलणार, यार?"

मी बोलणाऱ्या पोराची कॉलर धरली. मागून परबच्या आईचा आवाज आला, "सुहास, सोड त्येका." मी सोडली. तिने सांगितलं नसतं तर काय झालं असतं, ते मला माहीत आहे.

घरात तिने पाणी दिलं आणि समोर बसली.

"खरां सांग माका. चूक त्याचीच होती?"

मी सगळं सांगितलं. हुकूम, पाउच, 'सर, भरी हुई हैं'.

"मगे तसां लिवल्यानी कित्याक नाय?"

चौकशीच्या कागदात तसं का लिहिलं नाही, असं ती विचारत होती. साहेबांच्या चुकीचं ओझं खालच्या माणसाने उचलायचं असतं, आणि मेलेला माणूस ते खाली ठेवू शकत नाही, हे त्या माउलीला कुठल्या तोंडाने सांगणार? काही वर्षांनी ती गेली तेव्हाही परबच्या नावापुढे ती चूक तशीच होती. अजून आहे. युनिटच्या स्मारकावर त्याचं नाव नाही. विक्रोळीतल्या त्या चौकाला पुढाऱ्याच्या वडिलांचं नाव लागलं.

हवालदार म्हणून रिटायर झालो. आता घाटकोपरच्या एका शूटिंग क्लबात रेंजवर असतो. स्पर्धेच्या दिवशी लोक कॅन्टीनच्या टेबलावर चहा पिता पिता मॅगझिन्स भरायला बसतात. कुणी नवऱ्याकडून भरून घेतं, कुणी ड्रायव्हरकडून. मी टेबलाशी जातो आणि सगळ्या रिकाम्या करायला लावतो. भांडणं होतात. सेक्रेटरीकडे माझ्या तक्रारी गेल्यात. जाऊ देत.

गेल्या रविवारी एक नवीन मेंबर वैतागला. मुलुंडचा डॉक्टर, माणूस चांगला.

"हवालदारसाहेब, पाच मिनिटं वाचतात हो. हा कुठला नियम?"

"परबचा नियम," मी म्हणालो. "लाइनवर उभं राहायचं, कमांडनंतर भरायची, ज्याची त्यानेच भरायची."

"परब म्हणजे कोण? नॅशनल खेळलेले का?"

"नाही. लान्सनाईक दीपक परब. विक्रोळीचे. दुसऱ्यासाठी मॅगझिन भरायला लावली, त्यात गेले."

डॉक्टर मॅगझिन्समधल्या गोळ्या एकेक करून काढून डब्यात टाकायला लागले. मी मॅगझिन्स पूर्ण रिकाम्या होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.