भेकर आणि गाभण गाय

गेल्या वर्षी मी तुम्हाला डोंगरावरून भेकराच्या ओरडण्याचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. हरणाच्या जातीचा प्राणी कुत्र्यासारखा भुंकतो म्हणून तुम्ही दोघंही हसला होतात. यंदा ते का नाही, असं परवा फोनवर विचारलंत आणि मी विषय बदलला. दमले होते. आज क्रमाने लिहिते.

हरसूलच्या पुढे तुमच्या आजोबांनी नोकरीत असताना डोंगराचा एक उतार घेतला होता. तिथे पीक येत नाही, नुसतं गवत. पावसाळाभर त्यात गुरं सोडायची नाहीत आणि दिवाळीनंतर कापणी करायची, अशी तिकडची रीत. आमचं गवत शेजारची बाई राखते आणि त्याबद्दल खालच्या अंगाचं सगळं तीच कापून नेते. वरचं आम्ही उभं ठेवतो. घळीच्या कडेला, कमरेएवढ्या त्या गवतात, भेकराची मादी पिलू लपवून चरायला जाते. पिलू हलत नाही, आवाज करत नाही. गवत हेच त्याचं घर.

यंदा पाऊस दिवाळी उलटली तरी थांबेना. तिच्या खाचरात कापून ठेवलेला भात भिजला आणि पेंढा कुजला. खालचं गवतही काळं पडलं. आणि तिची गाय गाभण, दिवस भरत आलेले. मी नाशकाहून गेले त्या दिवशी ती बांधावर वाट बघतच उभी होती.

"बाई, वरचं सोडा यंदा. गाय पार खंगली."

"अगं, वर भेकराचं पिलू आहे. मागच्या आठवड्यात तूच दाखवलंस ना?"

"दाखवलं, चुकलं माझं! तुमचं भेकर दूध देतं का? द्या मंग, चहा करते."

मला हसू आलं. गाय मात्र खरोखरच वाळली होती, बरगड्या दिसत होत्या. मी म्हटलं, गाय वर ने, पण घळीकडचा पट्टा ठेव. तिने मान डोलावली. आम्ही दोघींनी मिळून चुना लावलेले दगड ओळीने मांडले. माझे गुडघे त्यानंतर दोन दिवस बोलत होते.

पुन्हा गेले तेव्हा गाईच्या अंगावर मांस धरलं होतं. गवत मात्र दगडांच्या अलीकडे घोट्याएवढं आणि पलीकडेही घोट्याएवढंच. गाईमागून शेळ्या गेल्या होत्या, शेळ्यांमागून कुत्रा. पिलाची बसायची जागा मला सापडली. दबलेल्या गवताचा लहानसा गोल, चहूकडून उघडा, त्यावर ऊन. आत काही नव्हतं.

तुम्ही शाळेत शिकता तसं सोपं उत्तर इथे नाही. त्याच चरलेल्या उतारावर सशांच्या लेंड्या पूर्वीपेक्षा जास्त दिसल्या. सशाला आखूड गवताचा कोवळा फुटवा आवडतो, कुणी आलं तर लांबून दिसतंही. म्हणजे गुरं आली आणि सगळंच गेलं, असं नाही. ज्याला लपायला लागतं ते गेलं. संध्याकाळपर्यंत थांबले. भेकर ओरडलं नाही.

"दगडांचं काय ठरलं होतं आपलं?" खाली उतरल्यावर मी तिला विचारलं.

"मला कळतात दगड. गाईला कोन वाचून दाखवनार? तुम्ही शिकवा तिला, शाळेत होता ना तुम्ही." मग माझं तोंड बघून आवाज उतरवून म्हणाली, "मेलं नाय ते. मेलं असतं तर वर घारी फिरल्या असत्या. गेलं असंल खाली घळीत, आईसंग."

असेलही. खात्री तिला नव्हती आणि मलाही नाही.

गाय व्याली, कालवड झाली. तुमच्या फोनच्या आदल्या दिवशी मी गेले तर तिने खरवस केला होता. ओसरीवर बसवून वाटी हातात दिली आणि समोर बसून म्हणाली, "पुढल्या साली पन वरचं सोडाल ना? आता दोन तोंडं झाली खानारी."

मी कालवडीकडे पाहिलं. ती अजून पाय फाकून उभी राहत होती. तिच्यासमोर नाही म्हणणं जड जात होतं, आणि हो म्हटलं तर घळीच्या कडेला पुन्हा काही उभं राहणार नव्हतं. कुंपण घालायचं म्हणजे मजूर, तारा, खेपा; ते आता माझ्याने होणार नाही. राखण तिच्याच हातात राहणार, हे तिलाही ठाऊक होतं.

"नाही," मी म्हटलं. "वर गुरं नकोत. खालचं सगळं तुझं, आणि कमी पडलं तर मला सांग, नाशकातून चारा धाडेन. पण वर नको."

ती कालवडीकडे वळली. पदराने कालवडीच्या तोंडावरच्या माश्या हाकलत राहिली. मग उठली आणि माझ्या वाटीत खरवसाची आणखी एक वडी टाकली.

"खा," म्हणाली.

मी खाल्ली.