एक काना जास्त

"बाई, एका कान्यासाठी तुम्ही कंपनीच्या नोटिशीवर लाल पेन चालवलंत?"

"काना नुसता चुकीचा होता, साहेब. तो आधी उडवला. बाकीचं खोटं होतं, ते नंतर."

"अधिकार कोणी दिला तुम्हाला?"

"अधिकार कसला? डोळे आहेत."

मॅनेजरने कागद टेबलावर आपटला. कारखान्याच्या फाटकावरची नोटीस. 'कामगाराच्या अनावधानाने कटिंग मशीनवर अपघात घडला.' तिने आधी 'ना'चा काना उडवून शब्द शुद्ध केला, 'अनवधानाने'. मग 'कामगाराच्या अनवधानाने' या दोन्ही शब्दांवर आडवी रेघ मारून वर लिहिलं, 'पात्यापुढे जाळी नसल्यामुळे'. तेही सकाळची पाळी आत शिरताना, दीडशे माणसांदेखत.

कामगार म्हणजे तिचा धाकटा भाऊ. उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. बांधलेला हात मांडीवर घेऊन तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता.

ती छापखान्यात सव्वीस वर्षं प्रुफं तपासत आली. तिथे तिला 'काना-मात्रा' म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. रस्त्यात पाटी चुकलेली दिसली की तिचे पाय अडलेच म्हणून समजा! पण आवाज कधी चढला नाही. न्हाव्याच्या दुकानात जाऊन म्हणाली होती, "दादा, 'दाडी'त ढ हवा. इथे तरी ढ असणंच शहाणपणाचं." तो हसला, पाटी बदलली. परवा धाकट्याच्या हाताला टाके पडत असताना दवाखान्यात पाटी दिसली, 'शिर सापडत नसल्यास सिस्टरांना सांगावे.' तिथेही ती मऊपणेच म्हणाली, "सिस्टर, शीर दीर्घ हवी हो. शिर म्हणजे डोकं."

"मग बरोबरच आहे की! इथे रोज कुणाचं तरी हरवलेलं असतं," असं म्हणत सिस्टरनेच पेन घेऊन वेलांटी बदलली.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यावर काय चिडायचं, असं तिचं म्हणणं. पण या माणसाला सगळं ठाऊक होतं, आणि म्हणून तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"तीन महिन्यांपूर्वी तुम्हीच काढायला लावलीत ना जाळी? माल भराभर निघावा म्हणून?"

"कोण म्हणतं?"

"हा म्हणतो!"

"घरी बायकांना काय वाटेल ते सांगतात हो हे लोक." मॅनेजरने स्टुलाकडे पाहिलंही नाही. मग एकदम सूर बदलला. "हे बघा ताई, नोटीस नव्याने टाइप करू. काना काढून, अगदी तुमच्या मनासारखी. तुम्ही फक्त लिहून द्या, गैरसमज झाला म्हणून. याला फाटकावर बसवतो. खुर्चीचं काम आहे, एका हाताने जमेल."

"आणि नाही दिलं तर?"

"तर एका हाताचा माणूस मी कुठे ठेवू?"

"ताई," धाकटा पहिल्यांदाच बोलला. "दे ना लिहून."

"तू गप्प बस!"

"का गप्प बसू? बोटं माझी गेली. तुझं काय गेलं, काना?"

तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. बोलली तेव्हा आवाज खिडकीबाहेर जाईल इतका चढला होता.

"अरे, त्या मशीनवर आता दुसरा कोणीतरी उभा राहील! नोटीस वाचून त्याला वाटेल, आपण नीट लक्ष दिलं की झालं!"

"राहील कशाला, उभा आहे सकाळपासून," धाकटा म्हणाला. "माझ्याच शेजारी डबा खायचा."

"अपघाताआधी जाळी होतीच," मॅनेजर म्हणाला. "विचारा त्याला."

"सांग रे," ती भावाकडे वळली. "यांच्या तोंडावर सांग. होती की नव्हती?"

धाकटा उठला. डाव्या हाताने कडी काढायला त्याला वेळ लागला. दार उघडून तो बाहेर पडला आणि फाटकाकडे न वळता कटिंग मशीनच्या दिशेने चालू लागला.